ठेक्याबाहेरचा गोपाळ

दहीहंडीच्या दिवशी ऐरोलीच्या रस्त्यांवर दुपारनंतर पाय ठेवायला जागा नसते. खाडीपुलावरून मुलुंड-भांडुपकडची गोविंदा पथके ट्रक भरभरून येतात, ठाण्याकडची येतात, गावठाणातली आणि सेक्टरांतली तर असतातच. चौकात क्रेनला हंडी टांगलेली असते आणि दोन्ही बाजूंना ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या असतात. गाणी बहुतेक अलीकडच्या हिंदी चित्रपटांतली. पण मधूनच एखादे जुने गाणे लागते आणि गर्दीची चाल बदलते. 'अलबेला'तले भगवानदादांचे गाणे लागले की ज्यांच्या आईवडिलांचाही १९५१ साली जन्म झाला नव्हता अशी पोरे हात किंचित वर करून, खांदे हलवीत, त्याच सुप्रसिद्ध पावलांनी नाचू लागतात. ही पावले त्यांना कोणी शिकवलेली नसतात. ती हवेतच असतात.

त्या गाण्याला चाल लावणारा माणूस मराठी होता, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. आणि ज्या गोपाळाच्या नावाने हा सगळा जल्लोष चालतो, त्याच गोपाळाच्या चरित्रावर त्याने एक अख्खी गीतमालिका संगीतबद्ध केली होती. शब्द होते ग. दि. माडगूळकरांचे. नाव 'गीतगोपाल'. ती मात्र दहीहंडीला वाजत नाही, आणि जन्माष्टमीच्या शांत रात्रीही फारशी कोणी लावत नाही. 'गीतरामायण' ठाऊक नसलेले मराठी घर शोधावे लागेल. 'गीतगोपाल' ठाऊक असलेले घर शोधावे लागते. एकाच संगीतकाराचे एक गाणे पाऊण शतकाला पुरून उरते आणि दुसरे, त्याच्या अधिक जिव्हाळ्याचे म्हणावे असे काम, बाजूला राहते. असे का होते, याचे उत्तर सी. रामचंद्र यांच्या आयुष्यातच शोधायला हवे.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८चा. पुणतांबे हे गोदाकाठचे गाव, चांगदेवांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला माहीत असलेले. रामचंद्रांचे गाण्याचे शिक्षण रीतसर झाले. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्यात गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली. म्हणजे पाया पलुस्करांच्या परंपरेतला, शिस्तीचा. पुढे ज्याच्यावर पाश्चात्त्य ठेक्यांची आयात केल्याचा ठपका आला, त्याची सुरुवात तानपुऱ्याजवळ झाली होती, हे ध्यानात ठेवायला हवे.

त्यांना व्हायचे मात्र होते नट. दिसायला देखणे, गळा बरा. त्या काळी नायकाला एवढे पुरत असे. १९३५ साली वाय. व्ही. राव यांच्या 'नागानंद' चित्रपटात त्यांना थेट नायकाची भूमिका मिळाली. त्यातून नायकपद काही टिकले नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये 'सैद-ए-हवस' आणि 'आत्मतरंग' या चित्रपटांत किरकोळ कामे. तिथेच ते संगीत विभागात हार्मोनियमची साथ करू लागले आणि जे काम पोटासाठी धरले त्यातच त्यांना आपली वाट सापडली. नट होण्याची हौस पुढे पुरी झाली ती वेगळ्या रीतीने. पडद्यावर भगवान नाचत आणि त्यांच्या ओठांतून आवाज येई तो चितळकरांचा.

भगवान आभाजी पालव आणि रामचंद्र चितळकर यांची जोडी हा हिंदी चित्रपटाच्या इतिहासातला एक खास मराठी प्रकार आहे. दोघेही फार मोठ्या घराण्यांचे नव्हते, दोघांनाही मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसाला काय आवडते याची नेमकी जाण होती. गंमत म्हणजे संगीतकार म्हणून रामचंद्रांची सुरुवात झाली ती तमीळमध्ये. १९४०चा 'जयक्कोडी' आणि १९४१चा 'वनमोहिनी' हे भगवान यांनी दिग्दर्शित केलेले तमीळ चित्रपट. भाषा अनोळखी, पण चालींना भाषेचे फारसे अडले नाही. १९४२ साली भगवान यांच्याच 'सुखी जीवन'ने ते हिंदीत आले. मग नावांचा खेळ सुरू झाला. कुठे राम चितळकर, कुठे श्यामू, कुठे अण्णासाहेब. गायक म्हणून नुसते चितळकर. आणि अखेर ज्या नावाने ते सर्वतोमुखी झाले ते सी. रामचंद्र. चित्रपटसृष्टीत मात्र ते सगळ्यांचे अण्णाच राहिले.

१९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, प्यारेलाल संतोषींचा 'शहनाई' आला. त्यात रविवारच्या भेटीचे आमंत्रण देणारे एक खट्याळ गाणे होते. त्यातली मजा इंग्रजी शब्दांत होती तशीच उड्या मारणाऱ्या ठेक्यातही. हिंदी चित्रपटगीत तोवर मुख्यत्वे ठुमरी, नाट्यगीत, भजन आणि बंगाली वळणाची गंभीर गीते यांच्या आधाराने चालत होते. त्या बैठकीत हे गाणे बूट घालूनच शिरले. संगीतातल्या सोवळ्या मंडळींना ते थिल्लर वाटले यात नवल नाही. पण गल्लीबोळांतून ते वाजत राहिले. दोन वर्षांनी 'पतंगा'त रंगूनहून येणाऱ्या टेलिफोनचे गाणे आले. शमशाद बेगम यांच्याबरोबर स्वतः चितळकर गायले. १९५०च्या 'समाधी'त लॅटिन अमेरिकी चालीवरचे एक द्वंद्वगीत आले. आणि १९५१ साली 'अलबेला'.

या साऱ्या गाण्यांमागे एक अदृश्य फौज उभी होती, ती गोव्याची. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन शिकवले जाई, व्हायोलिन हातात दिले जाई. तिथून मुंबईला आलेले वादक रात्री हॉटेलांत जाझ वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला येत. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना मुंबई चिक चॉकलेट म्हणून ओळखत होती, हे त्यांतले बिनीचे ट्रम्पेटवादक. ते अण्णांचे सहायक झाले आणि 'अलबेला'त आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसले. कामाची रीत ठरलेली असे. संगीतकार पेटीवर चाल सांगे, सहायक ती पाश्चात्त्य लिपीत उतरवी, वाद्यांना वाटून देई. अण्णांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी या वादकांना नुसते वाटण्या करून वाजवायला लावले नाही. त्यांची हॉटेलातली मस्ती गाण्यात येऊ दिली. बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट ही वाद्ये त्यांच्या गाण्यांत पाहुण्यासारखी अवघडून बसत नाहीत. ती घरातली होऊन वागतात.

पण 'अलबेला'तच एक अंगाई आहे, पिलूच्या सुरांतली. त्या सगळ्या धांगडधिंग्यामध्ये ती इतक्या हलक्या पावलाने येते की, ही दोन्ही गाणी एकाच माणसाची, यावर नव्या श्रोत्याचा विश्वास बसू नये. इथेच अण्णांचे मर्म आहे. विनायकबुवांच्या शाळेत बसलेला विद्यार्थी कुठे गेला नव्हता. १९५३च्या 'अनारकली'त तो पुढे आला. भीमपलासी, बागेश्री अशा रागांच्या आधाराने बांधलेल्या त्या चाली, त्यांत लता मंगेशकरांचा ऐन बहरातला आवाज. त्या वर्षी 'अनारकली'च्या गाण्यांनी देशाला वेड लावले. दोन वर्षांनी 'आझाद'. दिग्दर्शक श्रीरामुलू नायडूंना संगीत घाईने हवे होते; नौशाद यांना ती घाई मानवली नाही, अण्णांनी ते काम अंगावर घेतले आणि थोडक्या दिवसांत पुरे केले. त्यातले रुसलेल्या राधेचे बागेश्रीतले गीत ऐकताना कुठेही घाईची खूण लागत नाही. राधा-कृष्णाचा विषय आला की अण्णांची चाल आपोआप मऊ होई, असे ते गीत ऐकताना वाटते.

दोन वर्षे आणखी पुढे जावे. १९५७चा 'आशा' आणि 'ईना मीना डिका'. अमेरिकेत बिल हेलीचे रॉक अँड रोल नुकतेच धुमाकूळ घालून गेले होते. त्याचा भारतीय अवतार कसा असावा, हे अण्णांनी एका गाण्यात दाखवले. संगीताच्या खोलीबाहेर खेळणाऱ्या मुलांच्या गणतीवरून ते सुचले आणि सहायक जॉन गोम्स यांनी त्यात कोकणीची भर घातली, अशी हकीकत सांगितली जाते. किशोरकुमारांनी ते गायले, आशा भोसले यांनीही निराळ्या ढंगाने गायले. शब्दांना अर्थ नाही, तरी गाण्याला आहे. हिंदी चित्रपट इथे निदान नऊ वर्षे आधी पोचला, कारण त्या तऱ्हेचे बेफाम गाणे सर्रास रूढ झाले ते १९६६च्या 'तीसरी मंझिल'नंतर, राहुलदेव बर्मन यांच्या हातून.

इथपर्यंतचा माणूस काळाच्या पुढचा. अशा माणसाला लोक सुरुवातीला नावे ठेवतात आणि मागाहून त्याचे पुतळे उभारतात. अण्णांचे पुढे झाले ते थोडे निराळे.

पन्नाशीचे दशक सरता सरता त्यांचे आणि लता मंगेशकरांचे एकत्र काम थांबले. ज्या आवाजाला डोळ्यांसमोर ठेवून कितीतरी चाली बांधल्या, तो आवाजच हाताशी राहिला नाही. कोणत्याही संगीतकाराला हा मोठा घाव. त्यातून १९५९ साली व्ही. शांताराम यांचा 'नवरंग' आला तो आशा भोसले, महेंद्र कपूर आणि मन्ना डे यांच्या आवाजांनी सजलेला. त्यातल्या होळीच्या नृत्यात संध्या एकाच वेळी छेड काढणारा कृष्णही होतात आणि वैतागलेली गोपीही. ढोलक-घुंगरांच्या त्या गाण्याने सिद्ध केले की, ट्रम्पेट नसला तरी अण्णांचा ठेका तितकाच नाचरा राहतो. १९६१ साली शांतारामांचाच 'स्त्री' आला. मग चित्रपट विरळ होत गेले. मधेच, चीनच्या आक्रमणानंतर जानेवारी १९६३मध्ये दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पंडित नेहरूंच्या उपस्थितीत लता मंगेशकरांनी कवी प्रदीप यांचे हुतात्म्यांना वाहिलेले गीत गायले. चाल सी. रामचंद्रांची होती. ते गीत राष्ट्राचे झाले. इतके की पुष्कळांना त्याला कोणी संगीतकार असेल याचीही आठवण उरली नाही.

साठीचे दशक शंकर-जयकिशन यांच्या भव्य वाद्यमेळाचे होते, नव्याने आलेल्या लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे होते, आणि उत्तरार्धात राहुलदेव बर्मन यांचे. ज्या दारातून हे पाश्चात्त्य वारे आत आले ते दार ज्यांनी उघडले, त्यांना मात्र आत जागा उरली नव्हती. अशा वेळी एखाद्याने काय करावे? आपलेच जुने यश पुन्हा रंगवून विकायचा प्रयत्न करावा, किंवा नव्यांच्या मागे धावावे. अण्णा मराठीकडे वळले. 'धनंजय' (१९६६) या चित्रपटाला संगीत दिले आणि गदिमांच्या 'गीतगोपाल'ला चाली लावल्या.

गदिमांचे 'गीतगोपाल' पुस्तकरूपाने १९६७ साली आले. आता या वेळेचा विचार करा. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले होते आणि वर्षभर, आठवड्याला एक याप्रमाणे, ५६ गीते महाराष्ट्राने कान देऊन ऐकली होती. आठवडाभर वाट पाहायची, ठरल्या वेळी रेडिओजवळ बसायचे, गीत संपले की पुढच्या आठवड्याची ओढ. सुधीर फडके यांच्या चालींना असा वर्षभराचा सहवास लाभला होता. पुढे बाबूजींनी एकट्याने त्याचे कार्यक्रम गावोगाव केले आणि ती गीते घराघरांतल्या देव्हाऱ्यात जाऊन बसली. बारा वर्षांनी त्याच कवीने कृष्णचरित्र लिहिले तेव्हा श्रोत्यांच्या मनात पहिले माप ठरून गेले होते. दुसऱ्या गीतमालिकेला स्वतःचे असे रिकामे मन मिळालेच नाही. जे ऐकले ते तुलनेत ऐकले.

शिवाय रामकथा सरळ चालते. जन्म, वनवास, हरण, युद्ध, राज्याभिषेक. एका गीतानंतर दुसरे कोणते येणार हे श्रोत्याला ठाऊक असते आणि त्या ठाऊक असण्यातच गोडी असते. कृष्ण सरळ चालत नाही. लोणी चोरणारा, रास खेळणारा, मथुरेला निघून जाणारा, सारथी होणारा, असे त्याचे कितीतरी कृष्ण. एका धाग्यात तो ओवणे कवीला अवघड आणि संगीतकाराला त्याहून. पण म्हणूनच हा विषय अण्णांकडे जाणे किती योग्य होते! खट्याळपणा आणि हुरहुर ही कृष्णाची दोन टोके. अण्णांच्या संगीताची दोन टोके याहून निराळी कुठे होती? रविवारचे गाणे आणि पिलूतली अंगाई, 'ईना मीना डिका' आणि राधेचा रुसवा, ही सगळी जणू त्याचीच पूर्वतयारी. आयुष्यभर जे दोन हातांनी वेगवेगळे वाजवले ते एकाच पेटीवर एकत्र आणायची ही संधी होती. अण्णा ती गीते स्वतः रंगमंचावरून सादर करीत. ज्यांना पडद्यावर नायक व्हायचे होते आणि ज्यांचा आवाज वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या ओठांतून ऐकू आला, ते आता समोर बसून, स्वतःच्या तोंडाने गात होते.

तरी 'गीतगोपाल' मागे राहिले. याला श्रोत्यांचा कृतघ्नपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. 'गीतरामायणा'ला आकाशवाणीच्या ठरल्या वेळेचे जे बळ लाभले, ते रंगमंचावरच्या कार्यक्रमाला कुठून लाभणार? कार्यक्रम ज्या गावी होतो त्या गावापुरता होतो. दुसरे असे की, सी. रामचंद्र या नावाबरोबर श्रोत्याच्या कानात जे वाजू लागे ते नेमके इथे नव्हते. चित्रपटाचा रसिक म्हणे, यात ती मजा नाही. भावगीतांचा रसिक म्हणे, हे चित्रपटवाले. आणि काळ? बाहेर गिटार आणि ड्रम यांचा जमाना सुरू होत होता. १९४७ साली ज्यांनी बैठकीत बूट घालून प्रवेश केला, ते वीस वर्षांनी सगळ्यांनी बूट घातल्यावर अनवाणी येऊन बसले. पहिल्या वेळी त्यांच्यावर टीका झाली. दुसऱ्या वेळी टीकाही झाली नाही. लक्षच गेले नाही. कलावंताला यातले दुसरे अधिक लागत असावे.

यानंतर १९७० साली राजा ठाकूर यांचा 'घरकुल' आला. त्यात अण्णांच्या पेटीतली सगळी दालने एकदम उघडली. आईबाप आणि लेकरू यांचे परकीय चालीवरचे घरगुती गाणे, सुरेश भटांच्या शब्दांतले आशा भोसले यांचे तलम शृंगारगीत, आणि फैयाज यांच्या आवाजातले, कोपऱ्यात पडून राहिलेल्या वाद्याचे गदिमांचे गीत. तिन्ही गाणी टिकली. पण लहान मुलांच्या स्नेहसंमेलनांतून, वाढदिवसांतून पिढ्यान्‌पिढ्या गायले गेले ते पहिले. लोकांनी पुन्हा एकदा आपला निवाडा दिला होता. अण्णांकडून आम्हाला खेळकर गाणे हवे.

१९७७ साली त्यांनी 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र लिहिले. त्यातल्या काही मजकुराची चर्चा फार झाली, संगीताची त्या मानाने कमी. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गदिमा गेले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत अण्णांनीही निरोप घेतला. चौसष्टावा वाढदिवस एका आठवड्यावर आला होता.

काळाशी फारकत घेणे दोन तऱ्हांचे असते. एक पुढे धावण्याचे. त्याचे कौतुक उशिरा का होईना, होते, कारण मागून येणारे सगळे त्याच रस्त्याने येतात आणि पहिली पावले कोणाची हे त्यांना दिसते. दुसरे रस्ता सोडून बाजूच्या झाडाखाली बसण्याचे. तिथे कोणी मागून येत नाही. तिथे बसलेला माणूस दमला म्हणून बसला, असाच समज होतो. 'गीतगोपाल'च्या बाबतीत तोच समज झाला. वास्तविक अण्णा दमून बसले नव्हते. ठेक्याची नवलाई संपल्यावर गाण्यात काय उरते, हे पाहायला ते बसले होते. ज्याने ठेक्यावर देशाला नाचवले त्यानेच हे पाहावे, याला मोल आहे. ज्याला नाचवताच येत नाही त्याच्या संयमाला काय अर्थ?

आपण कलावंताला त्याच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याने मोजतो. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. 'अलबेला' ऐकून अण्णांची हुशारी कळते. 'अनारकली' ऐकून त्यांची तालीम कळते. पण बाजारात आपल्याला मागणी उरली नाही हे कळल्यावर माणूस कोणत्या सुराशी जाऊन बसतो, हे कळायला 'गीतगोपाल'च ऐकायला हवे.

यंदाही ऐरोलीत हंडी फुटेल. थरावर थर चढतील, वरून पाणी पडेल, 'अलबेला'चे गाणे लागेल आणि पोरे नाचतील. नाचू द्यावे, अण्णांना ते आवडलेच असते. पण पथके आपापल्या ट्रकांत बसून पुलापलीकडे गेली, ध्वनिवर्धकांच्या भिंती उतरवल्या गेल्या आणि रस्त्यावर नुसता चिखल आणि फुटक्या मडक्याच्या खापऱ्या उरल्या की, त्या रात्री एखाद्या घरात 'गीतगोपाल'मधले एखादे गीत लागावे. गोपाळ तोच असेल आणि चाल लावणाराही तोच.